ओठांच्या शेजारचा हात

जळगाव जामोदला जाते आहे म्हटल्यावर पुण्यात सगळ्यांनी एकच विचारलं, "केळ्यांचं जळगाव ना?" मी सांगायची, ते नव्हे, हे बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. मग पुढचा प्रश्न यायचा, "तिथे काय काम काढलंस?" त्याचं धड उत्तर मला जाण्याआधी देता येत नव्हतं आणि जाऊन आल्यावर तर मुळीच देता येत नाही. निदान काय घडलं ते तरी क्रमाने सांगते.

माझा धंदा जरा चमत्कारिक आहे. माकडाच्या तोंडाला स्पर्श झाला की त्याच्या मेंदूत नेमकी कुठली जागा जागी होते, हे मी गेली कित्येक वर्षं बघते आहे. ओठ, हिरड्या, दात, जीभ. त्यातही वरचे दात वेगळे, खालचे वेगळे. लग्नकार्यात कुणी "सध्या काय करतेस?" विचारलं आणि मी हे सांगितलं की समोरचा माणूस हळूच जिलबीकडे वळतो. मी आता कुणाचं वाईट वाटून घेत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत माकडांची देखभाल करणारा मुनीर मात्र हे सगळं मन लावून ऐकतो. तो मूळचा जळगाव जामोदचा. त्याची धाकटी बहीण शमीम तिथेच दिलेली. तिचा नवरा जाकीर ट्रॅक्टरला स्वतःचं मळणी यंत्र जोडून गावोगाव सोयाबीन काढून द्यायचा. मागच्या हंगामात यंत्राने त्याचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत ओढून घेतला. जखम भरली, पण माणूस जेवेनासा झाला. डावा हात ताटाला लावायचा नाही, चमचा धरायचा नाही, आईच्या हातून घ्यायचं नाही. शमीमने भरवलं तरच खायचं. आणि शमीम दिवसभर बसस्टँडजवळच्या एका दुकानात कपडे शिवते.

"ती घरी येईस्तोर उपाशी राह्यते, मॅडम. निम्मा झाला पोरगा," मुनीर म्हणाला. "वरून म्हणते, दाढीले वस्तरा लागला का गेलेल्या हाताले कळते. घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. तुमी तोंडाचंच पाहता न? एकडाव येऊन पाहा."

मी डॉक्टर नाही, हे मी त्याला बजावून सांगितलं.

"हाव, माहीत हाय. डॉक्टर पाहून झाले," तो म्हणाला.

नांदुऱ्याहून पुढे

नांदुऱ्याला आगगाडीतून उतरले तेव्हा छान थंडी पडली होती. मुनीर दोन दिवस आधीच गावी गेला होता, त्यामुळे पुढचा एसटीचा प्रवास माझा एकटीचा. स्टँडवर गरम कचोरी खाल्ली आणि त्या नादात चुकीच्या गाडीत बसले. कंडक्टरने "बाई, हे मोताळ्याले जाते" असं सांगून मला खाली उतरवलं. योग्य गाडी मिळाल्यावर मी इतकी खूश झाले, की सगळं सामान मांडीवर घ्यायचं सोडून वरच्या फळीवर टाकलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर पांढरीशुभ्र कपाशी. तुरीला शेंगा धरलेल्या. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, ती किती लांब आहे काही कळत नव्हतं. शेजारच्या बाईंनी माझी सगळी चौकशी केली. नवरा काय करतो, मुलं किती, पुण्यात घर स्वतःचं का भाड्याचं. शेवटी, "कोणाकडं चालल्या मंग?"

"एकाच्या तोंडाला हात लावून बघायचा आहे," मी म्हणाले. थकव्याने माझं असं होतं. खरं तेच बोलून जाते.

त्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, पदर सावरला आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत काढला.

जळगावला उतरून मुनीरच्या मोटारसायकलवर बसले, आणि निम्म्या वाटेत लक्षात आलं की फळीवरची एक पिशवी गाडीतच राहिली. तपासण्याचं सगळं साहित्य तिच्यात होतं. कमी-जास्त जाडीचे केस लावलेल्या काड्या. कुठला केस टेकवला की माणसाला कळतं यावरून स्पर्श किती शाबूत आहे ते मोजतात. आम्ही मागे फिरलो तेव्हा गाडी पुढे निघून गेली होती. एवढ्या लांब येऊन हात हलवत पोचण्याची वेळ आली, आणि मला स्वतःचा मनस्वी राग आला.

शमीमचं घर

घर पत्र्याचं, पण पुढे मोठं अंगण. तिथेच बाजेवर जाकीर बसला होता. तिशीचा असेल. गालफडं बसलेली, सदरा खांद्यावरून ओघळलेला, आणि छातीपर्यंत दाढी. त्याची आई, जिला सगळे अम्मी म्हणतात, तिने मला आधी पाणी दिलं, मग चहा, मग पुन्हा चहा. आमच्याकडे पाहुण्याला एकदा "अजून घ्या ना" म्हटलं की कर्तव्य संपतं. इथे नाही म्हणायला तोंड उघडावं, तर तेवढ्यात कप भरलेला असतो.

"सारे म्हणतात जाकीर दीनदार, धार्मिक झाला," जाकीर स्वतःच्या दाढीकडे बोट दाखवून म्हणाला. "मस्जिदीत लोकं उठून जागा देतात मले. आता त्याईले काय सांगू? मी दाढी करत नाई कारण वस्तरा बोटायवर फिरते."

"कुठल्या बोटांवर?"

"जे नाईत त्याईवर."

साहित्य हरवलेलं. पण शेजारच्या घरात वेचलेल्या कापसाने अख्खी खोली भरली होती. अम्मीने तिथून मूठभर आणला. मी त्याची बारीक वात केली, केरसुणीची एक काडी घेतली, स्वयंपाकघरातला चमचा घेतला आणि शमीमच्या ओढणीने जाकीरचे डोळे बांधले. शमीम तेव्हा दुकानात होती. अंगणात बघ्यांची गर्दी होऊ नये म्हणून मुनीर दारात उभा राहिला. पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनी हा थाट पाहिला असता तर मला कायमची सुट्टी दिली असती.

दाढीचे केस बाजूला सारून कापसाची वात उजव्या जबड्याला लावली.

"जबडा," जाकीर म्हणाला. मग थांबून, "अन् करंगळी."

हनुवटीच्या कडेला लावली. "हनुवटी. अन् अंगठ्याच्या मुळाशी गुदगुल्या."

डाव्या बाजूला नुसता जबडा, नुसती हनुवटी. उजव्या ओठावर वात, काडी, चमचा, तिन्ही लावून पाहिलं. "ओठ. चमचा थंडा हाय. बस."

मी मनातल्या मनात उडीच मारली. कारण हे असंच यायला हवं होतं. मेंदूत स्पर्शाची एक पट्टी असते आणि तिच्यावर सगळं अंग ओळीने मांडलेलं असतं, पण अंगावर असतं त्या क्रमाने नाही. हात संपला की लगेच चेहरा सुरू होतो. आमच्या माकडांत हाताला लागून हनुवटी आणि जबडा, त्यांच्या पलीकडे ओठ, मग दात, मग जीभ. अंगावर हात आणि हनुवटी यांच्यात खांदा नि मान आहे. मेंदूत ती दोघं एका भिंतीचे शेजारी. हाताकडून बातम्या येणं थांबलं, तर जबड्याची हाक शेजारच्या रिकाम्या घरात ऐकू जाते, असं आमच्यातले काही जण मानतात. दुसरे म्हणतात, ते घर रिकामं होतच नाही, मालक आत बसलेलाच असतो. यावरून आमच्यात चांगली भांडणं होतात. मी दोन्हीकडच्यांच्या घरी जेवते.

हे सगळं मी सोप्या भाषेत सांगितलं. म्हणजे जाकीरचं डोकं ठिकाणावर आहे. अम्मीने पदराने डोळे पुसले. मग मला आत बोलावून हळू आवाजात म्हणाली, "बेटी, एक बात सांग. त्याचा हात आम्ही कब्रस्तानात दफन केला, साफ कपड्यात. पण मूठ बंद होती. मले वाटलं उघडावी, पण माही हिंमत नाई झाली. आता तो म्हणते मूठ आवळून राह्यली, नखं रुतून राह्यले. ते माह्यामुळं झालं का?"

मी म्हणाले, नाही अम्मी. हात गेलेल्या पुष्कळांना मूठ आवळलेलीच वाटते, त्यांचा हात कुठे का असेना. तिने मान हलवली, पण तिला पटलं की नाही, ते मला समजलं नाही.

एक घास

दुपार कलताना शमीम आली. उंच, भरभर चालणारी, गळ्यात मोजपट्टी तशीच. हात धुऊन तिने ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्याची चव बघावी म्हणून मी तो भाकरीला जरा सढळ लावला, आणि पुढचा काही वेळ माझे ओठ अंगणाएवढे झाले. ओठांना मेंदूत केवढी जागा आहे हे मी आयुष्यभर शिकवत आले. पटलं मात्र तिथे. अम्मीने गुळाचा खडा तोंडात घातला तेव्हा कुठे मला माणसं दिसू लागली.

जाकीरच्या ताटाशी अम्मीने पुन्हा विषय काढला.

"डाव्या हातानं खा न बेटा. मजबुरीत माफ हाय. मौलानाबी सांगून गेले."

"नाई," जाकीर म्हणाला.

"काऊन पण?"

मुनीरने मला कोपर मारलं, म्हणजे बघा, हेच रोजचं.

शमीमने भरीत लावून घास केला आणि त्याच्या ओठांपाशी नेला. तिची बोटं ओठांना लागली तशी जाकीरने डोळे मिटले. आणि त्याच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीत, जिथे कोपराखाली हात संपतो तिथे, काहीतरी हललं. मूठ हळूहळू सोडताना कोपराखालचे स्नायू सैल पडतात, तसे ते सैल पडत होते. दुसऱ्या घासालाही तसंच. मधेच अम्मीने पाण्याचा पेला तोंडाला लावला, तेव्हा काही नाही.

मी गोंधळले. सकाळी ओठांना स्पर्श करून हाताला काहीच कळलं नव्हतं. वातीने नाही, काडीने नाही, चमच्याने नाही. आणि आमच्या नकाशात ओठ तर एक घर सोडून पलीकडे. बरं, ओठाला स्पर्श झाला हे मेंदूच्या त्या पट्टीला कळतं. स्पर्श करणारं बोट कुणाचं, हे तिला कळायचं काही कारण नाही. मी जेवणानंतर मुद्दाम विचारलं, "जाकीरभाई, घास घेताना हाताला काही होतं का?"

त्याने आधी मुनीरकडे, म्हणजे मेहुण्याकडे पाहिलं. "नाई," म्हणाला. आणि पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला.

सातपुड्याच्या पायथ्याशी

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीरने पायथ्याकडे जायचं ठरवलं. तिकडच्या रस्त्यावर लाल तोंडाची माकडं बसतात, आणि आमच्या माकडांचे हे रानातले भाऊबंद मला दाखवल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. ओळखीच्या जीपमधून जाकीरही आला. घराबाहेर तो वेगळाच माणूस. हे कुणाचं शेत, इथे यंत्र कसं चिखलात रुतलं होतं, तिथल्या पाटलाने जेवायला काय वाढलं होतं, असं भरभरून सांगत होता. कुठल्या शेतातलं सोयाबीन काढताना हात गेला, ते मात्र त्याने दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी फुटाण्यांची पुडी उघडली आणि एका माकडाने ती सबंधच्या सबंध माझ्या हातून काढून घेतली. पुडी फाडून दोन्ही हातांनी फुटाणे गालांत कोंबायला लागलं. मानेपर्यंत गाल फुगले. मुनीर घरचं पोर बक्षीस घेताना बघावं तशा कौतुकाने बघत होता. मग त्याला दुसरी टोळी दिसली आणि तो तिकडे गेला.

"मॅडम," जाकीर म्हणाला, "याच्या डोक्यात बी तोंडाच्या शेजारी हातच?"

"हो."

"मंग याचा हात गेला, तं याले बी वाटन का माह्यासारखं?"

"त्याला विचारता येत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारायला आले."

तो हसला. मग त्याने डाव्या हाताने बाही कुरवाळली. "हे जाईन का?" त्याने विचारलं. "हे हाताचं. सारं."

मला वाटलं, याला धीर हवा आहे. आवळलेली मूठ, रुतणारी नखं, वस्तऱ्याच्या गुदगुल्या; कोण नको म्हणणार नाही? मी म्हणाले, "पुष्कळांचं जातं. हळूहळू कमी होत जातं. काळजी करू नका."

"हळूहळू," तो म्हणाला.

"हो. एकदम नाही."

त्याने मान डोलावली. परत येताना जीपमध्ये तो कुणाशी बोलला नाही. उन्हाने डोकं चढलं असेल, असं मी धरून चालले.

घरी आलो तेव्हा शमीम यायला बराच वेळ होता. अम्मी नेहमीप्रमाणे म्हणाली, "खाशीन का रे थोडंसं?" उत्तर नाहीच येणार, अशा हिशेबाने ती वळलीसुद्धा होती. जाकीर म्हणाला, "दे." ताट पुढे आलं. त्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि डाव्या हाताने भाकरी तोडली. तोडताना ती ताटाबाहेर गेली, भरीत दाढीला लागलं, पण तो खात राहिला. अम्मी तिथेच जमिनीवर बसली. मुनीरने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत माझ्याबद्दल जो आदर होता तो मी प्रयोगशाळेत कधी पाहिलेला नाही.

"बेटी, काय केलं तू?" अम्मीने माझे दोन्ही हात धरले. "काय केलं?"

मला काही माहीत नव्हतं. मी काही केलं नव्हतं. शमीम आली तेव्हा ताट जवळजवळ संपलेलं. ती दारातच थांबली. शेवटचा तुकडा उरला होता, तो जाकीरने ताटात मागे सारला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने हातसुद्धा न धुता पुढे होऊन तो त्याच्या तोंडात घातला, हसली, आणि पाणी आणायला आत गेली. बऱ्याच उशिराने बाहेर आली.

निघताना

निघायच्या दिवशी जाकीर मला स्टँडवर सोडायला आला. मुनीर माझ्या हरवलेल्या पिशवीची चौकशी करायला आत खिडकीपाशी गेला होता (ती मिळाली नाहीच). शमीम दुकानातून धावत येऊन माझ्या हातात भाकरी-चटणीचं गाठोडं देऊन गेली. जाताना म्हणाली, "ताई, तुमी लय उपकार केले. आता मले दुपारची घाई नाई. त्याले आता माही गरजच नाई राह्यली, पाहा." हे सांगताना ती हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

ती दुकानात दिसेनाशी झाल्यावर मी जाकीरला म्हटलं, "एक विचारू? एका दिवसात डाव्या हाताने खायला लागलात, ते कसं?"

त्याने मुनीर किती लांब आहे ते पाहिलं. मग सदऱ्याची उजवी बाही नीट केली.

"मॅडम, तुमच्या कापसानं नाई होत. चमच्यानं नाई, अम्मीच्या हातानं नाई. तिची बोटं ओठाले लागली का मूठ सुटते. नखं निघतात. मंग तिचा हात माह्या हातात येते. हा," त्याने बाही उचलली, "ह्या हातात. गरम लागते. तिच्या बोटाले सुईचे घट्टे हायत न, ते बी कळतात."

मी त्या बाहीकडे पाहिलं.

"म्हून डाव्या हाताचं नाव घेत नव्हतो. सारे समजले, दीनधरमाचं हाय. समजू देलं. पण तुमी म्हणाल्या, हळूहळू जाते. मंग मी विचार केला. रोज दोन टाइम एवढे घास, असं वापरलं तं लवकर सरन. म्हून आता एकच घास तिच्या हातचा. बाकी डाव्यानं. थोडं थोडं वापरलं तं पुरन न?"

"हे तिला सांगितलंत?"

"तिले सांगितलं तं ती रडत रडत घास देईन. मंग तिचा हात थरथरते." त्याने माझ्याकडे पाहिलं. "बराबर करून राह्यलो न मी?"

वापरल्याने ते सरतं, की न वापरल्याने? मी ज्यांच्या ज्यांच्या घरी जेवते त्या दोन्ही बाजूंपैकी कुणाला हे माहीत नाही. रोज घास घेतला तर ती वाट पक्की राहील, असंही असेल. तो वाचवायला म्हणून जे करतो आहे, त्यानेच ते जाईल, असंही असेल. नकाशा काढण्यात मी उभं आयुष्य घातलं, आणि त्या माणसाला सांगायला माझ्यापाशी एक ओळ नव्हती. गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता.

"मला माहीत नाही, जाकीरभाई," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही."

त्याने माझी बॅग डाव्या हाताने उचलून गाडीत ठेवली, आणि या वेळी फळीवर नाही, सीटखाली, नीट आत सरकवून.

"मंग वाचवूनच ठेवतो," तो म्हणाला.